तुम्ही लोहार कधीपासून?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘पीएम विश्वकर्मा’ ही योजना सुरू केली. हाताने आणि हत्याराने काम करणाऱ्या अठरा धंद्यांतल्या कारागिरांना प्रशिक्षण, हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. लोहारकाम त्या अठरा धंद्यांत आहे. माझ्या पुतण्याने या योजनेचा अर्ज भरला आणि धंद्याच्या रकान्यात ‘लोहार’ असे लिहिले. अर्ज पडताळणीसाठी गावात आला, तेव्हा तिथे बसलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी हसत हसत विचारले, “तुम्ही लोहार कधीपासून?”

पुतण्या काही बोलला नाही. संध्याकाळी घरी येऊन त्याने हे सांगितले, तेव्हा घर दोन मिनिटे गप्प झाले. विचारणाऱ्याच्या मनात विष होते असे मी म्हणणार नाही. त्याला तो प्रश्न अगदी साधा वाटला असावा. परंतु ज्या समाजात धंदा जन्माबरोबर येतो असे मानले जाते, त्याच समाजात हा प्रश्न साधा वाटू शकतो. डॉक्टरला कुणी ‘तुम्ही डॉक्टर कधीपासून’ असे विचारले, तर तो पदवीचे साल सांगेल. आम्हाला विचारले गेले ते सालासाठी नव्हे, जातीसाठी.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. इंग्लंडमधली औद्योगिक क्रांती मुलांना तीस वर्षे सांगितली. पण आमच्या अंगणातली ऐरण कुठून आली, हे कधी लिहून काढले नाही. आता विचारलेच आहे, तर उत्तर दिले पाहिजे. ते उत्तर तीन पिढ्यांचे आहे. त्यात एक रेल्वेचा कारखाना आहे, तीन एकर गायरान आहे, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून पुन्हा उभे केलेले एक जुने जपानी यंत्र आहे.

१

त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ साली प्रसिद्ध झाले. गावच्या बलुतेदारीबद्दल लिहायचे म्हटले की अभ्यासक अजून त्या पुस्तकाकडे वळतात. बलुतेदारांत लोहार होता, महारही होता. कागदावर दोघेही गावाचे सेवक. परंतु गावच्या लोहाराच्या ओट्यासमोर महाराने कुठे उभे राहायचे, हे समजायला आमच्या घरात पुस्तक उघडावे लागत नव्हते. आजोबांना आम्ही आज्जा म्हणत असू. आज्जा सांगत, विळा शेवाळायला न्यायचा तर तो ओट्याखाली ठेवून मागे सरायचे. लोहार त्यावर पाणी शिंपडायचा, मग सांडशीने उचलून विस्तवात घालायचा. विस्तवात गेले की लोखंड शुद्ध. बाहेर काढून पाजवले की पुन्हा ओट्याखाली टाकायचे. सुगीत ज्यांचे दाणे भरपूर येत त्यांचे फाळ आधी, आमचे विळे शेवटी.

गावचा लोहार काही धनदांडगा नव्हता. तोही पाटलाच्या खळ्यावर सूप घेऊन उभा राहणारा माणूस. त्याच्यावर राग धरून काही निष्पन्न होणार नाही. मुद्दा वेगळा आहे. आम्हाला लोखंड वापरायला बंदी नव्हती, बंदी होती ती शिकायला. भात्याला हात लावायचा नाही. गंमत अशी की त्या भात्याचे कातडे ज्या मेलेल्या जनावराचे असायचे, ते जनावर ओढून नेणारा महार, ते कातडे कमावणारा ढोर. इतक्या हातांतून गेलेला भाता ऐरणीपाशी बसला की सोवळा व्हायचा आणि आम्ही मात्र ओट्याखाली. जातिव्यवस्था म्हणजे केवळ श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात मांडले. आज्जांनी ते भाषण वाचले नव्हते. त्यांनी तो ओटा पाहिला होता.

आज्जांना भात्याला पहिला हात लावू दिला तो घिसाड्यांनी. वर्षातून एकदा सुगीच्या तोंडावर घिसाड्यांच्या गाड्या यायच्या. गावाने त्यांना गावात जागा दिली नाही, म्हणून त्यांची पाले आमच्या वस्तीजवळच पडायची. जमिनीत खड्डा, त्यात कोळसा, बाजूला भाता आणि मातीत रोवलेली ऐरण, एवढाच त्यांचा कारखाना. पुरुष सांडशीने लोखंड धरायचा आणि बाई उभी राहून घण मारायची. आज्जा दहा-बारा वर्षांचे असताना त्यांचा भाता ओढू लागले. मोबदला म्हणून भाकरीचा तुकडा मिळे, आणि लोखंडाचा रंग वाचायला मिळे. आज घिसाडी महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. ज्यांना स्वतःला बसायला जागा नव्हती, त्यांनी आमच्या घराला पहिला धडा दिला, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

२

आज्जांना गाव सोडता आले ते रेल्वेमुळे. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियराने बांधलेली अडीच फुटी रुळांची ही छोटी गाडी पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. तिचा कारखाना कुर्डुवाडीला. आज्जा तिसाव्या दशकात तिथे कुली म्हणून लागले आणि काही वर्षांनी लोहारखात्यात घण मारू लागले. रेल्वेच्या भाषेत त्या कामाला हॅमरमन म्हणत. लोखंड कुठे ठेवायचे, किती तापवायचे आणि घाव कुठे पडायचा, हे मिस्त्री छोट्या हातोडीचा टोला देऊन दाखवणार आणि हॅमरमन तिथे घण घालणार. अक्कल मिस्त्रीची आणि दंड हॅमरमनचा, अशी ही वाटणी होती.

कारखान्यात जात गळून पडली, असे आपल्याकडे पुष्कळदा लिहिले जाते. ते अर्धे खरे आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकामखात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि स्पृश्य कामगारांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. रेल्वेचीही हीच कथा. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हा विचार बाबासाहेबांनी तिथेच मांडला. अस्पृश्य माणूस कारखान्यात कुली म्हणून शिरतो आणि कुली म्हणूनच राहतो, कारागीर होत नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. आज्जा त्या परिषदेला गेले नव्हते, पण तिथले बोलणे रुळांवरून कुर्डुवाडीपर्यंत आले. आज्जांच्या तोंडी त्यातले एकच राहिले होते : “घण मारून मिस्त्री होत न्हाई. हातोडी हातात यावी लागती.”

ती हातोडी आज्जांच्या हातात आली नाही. ती माझ्या वडिलांच्या हातात आली, आणि ती कुणाच्या मेहरबानीने नव्हे. १९४३ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी राखीव जागांचे प्रमाण ठरले. पुढे ते संविधानाच्या आधाराने वाढले. १९५४ च्या आरंभी बार्शी लाइट रेल्वे सरकारने ताब्यात घेतली आणि तो नियम कुर्डुवाडीच्या फाटकातून आत आला. वडील १९५६ साली वीस वर्षांचे असताना लागले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. आमच्या घरात ही दोन्ही साले एकाच दमात सांगितली जातात. वडील शिकाऊ म्हणून लागले, परीक्षा देत वर चढले आणि १९९४ साली लोहारखात्यातून पहिल्या श्रेणीचे कारागीर म्हणून निवृत्त झाले. कमानपाटे, ब्रेकचे दांडे, जोडाचे आकडे अशी कामे त्यांच्या हातून झाली. घरात आम्ही त्यांना आण्णा म्हणतो.

३

यंत्राकडे वळण्याआधी जमिनीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण यंत्र जमिनीसाठी आले.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ रोजी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. लाखो माणसांनी तुरुंग भरले. माझी आजी त्यांत होती. पडीक आणि गायरान जमिनी भूमिहीनांना द्या, ही त्यातली मोठी मागणी. आजी सुटून आली आणि तिने आज्जांबरोबर गावच्या तीन एकर गायरानातले दगड वेचायला सुरुवात केली. कागद नव्हता, फक्त कबजा होता. आमच्यासारख्या अनेकांना कागदासाठी नव्वदीपर्यंत थांबावे लागले.

जमीन हातात आली म्हणजे शेती झाली, असे ज्यांना वाटते त्यांनी कधी वाफसा पाहिलेला नाही. पावसानंतर जमीन ना चिखल ना ढेकूळ, अशा दोन-चार दिवसांतच औत घालावे लागते. आमच्याकडे बैल नव्हते. बैलवाल्याकडे जायचे, तर तो आधी स्वतःचे रान करणार, मग भावकीचे, मग आमचे. तोवर वाफसा निघून गेलेला. शिवाय बैलांच्या एका दिवसाला माणसाचे तीन दिवस फेडायचे. ज्या दारात वेठीला जायचे नाही म्हणून आजी तुरुंगात गेली, त्याच दारात ती बैल मागायला उभी राहत होती. मोठे ट्रॅक्टर भाड्याने मिळू लागले, पण तेही आमच्या रानात येत नसत. बांधावरून वाट द्यायला शेजारी तयार नव्हते, आणि तीन एकरांच्या दगडी तुकड्यात मोठे ट्रॅक्टर वळवणेही परवडत नव्हते.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला होता. तेव्हा सगळे अर्थशास्त्रज्ञ तुकडे जोडून मोठी शेते करा म्हणत होते. बाबासाहेबांचे म्हणणे असे की शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावर राबणारी अवजारे, भांडवल आणि श्रम यांच्याशी त्याचे प्रमाण कसे आहे, यावर ते ठरते. अवजारांवाचून मोठे शेतही तोट्याचे. हा निबंध मी एम. ए. ला असताना वाचला आणि मला आजी आठवली. आमची जमीन लहान नव्हती, तिला साजेसे अवजार नव्हते.

ते अवजार जगात दुसरीकडे तयार होत होते. ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या शेतकऱ्याच्या मुलाने १९१२ च्या सुमारास फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करण्याचे प्रयोग सुरू केले. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या बेंजामिन ग्रेव्हलीने १९१६ साली, मागे चालत हाकायच्या छोट्या मोटारनांगराचे पेटंट घेतले. हा ग्रेव्हली व्यवसायाने छायाचित्रकार. त्याच्याही आधी, १८३७ साली, इलिनॉयमध्ये जॉन डीअर नावाच्या लोहाराने मोडक्या करवतीच्या पात्यापासून पोलादी नांगर घडवला. डीअरचा बाप शिंपी होता. मुलगा सतराव्या वर्षी उमेदवारी करून लोहार झाला. आपल्याकडे लोखंडी नांगर रुजवला तो लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. १९१० साली त्यांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तेही जन्माने लोहार नव्हते, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. लोखंडाने जमीन नासते असे शेतकरी म्हणत, म्हणून सुरुवातीला त्यांचे नांगर खपेनात. पण तुम्ही लोहार कधीपासून, हे त्यांना कुणी विचारल्याचे मला कुठे वाचायला मिळाले नाही.

छोट्या यंत्राचे खरे पीक आले ते जपानात. तिथे १९४६ साली जमीनसुधारणेचा कायदा झाला. कुळांकडे असलेली जमीन जिथे शेकडा पंचेचाळीसच्या आसपास होती, तिथे ती चार-पाच वर्षांत शेकडा दहाच्या आसपास उरली. कूळ मालक झाले, पण शेते मात्र एक-दोन एकरांची. त्या शेतांसाठी हाताने धरायचे दोनचाकी यंत्र लाखोंच्या संख्येने खपले. आधी जमीन वाटली गेली, मग यंत्र आले, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे तेच यंत्र साठीच्या दशकात जपानी सहकार्याने आले. मित्सुबिशीच्या साहाय्याने बंगळूरला १९६७ साली व्ही. एस. टी. टिलर्स ही कंपनी निघाली. यंत्र आले, पण जमिनीची वाटणी अर्धवटच राहिली. म्हणून आपल्याकडे हे टिलर पहिल्यांदा गेले ते बागायतदाराकडे.

आमच्याकडे आला तो असाच एका द्राक्षबागवाल्याने टाकून दिलेला टिलर. १९८१ साली आण्णांनी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली आणि तो मिळवला. डिझेलवर चालणारे आडवे एक-सिलिंडर इंजिन, पट्ट्यावर फिरणारा क्लच, मागे वाकड्या पात्यांची रोटरी. गावातली पोरे त्याला ‘जपानी रेडा’ म्हणत. गुरांच्या वाटेने तो रानात शिरे, कुणाचा बांध मागावा लागत नसे. त्या जूनमध्ये आजी पहिल्यांदा कुणाच्या दारात बैल मागायला गेली नाही. ती रानाच्या कडेला बसून होती. टिलरच्या मागे मी चालत होतो, एकोणीस वर्षांचा. सगळे रान भिजलेल्या मातीने काळे झाले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “औंदा वाफसा आपला.”

४

१९९९ च्या सुमारास टिलर बंद पडला आणि कडुलिंबाखाली उभा राहिला, तो वीस वर्षे. भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा भाव सांगून गेला. २०२० साली टाळेबंदी झाली. मी निवृत्त होऊन गावी होतो. एस. टी. च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेला थोरला भाऊ, वहिनी, आय. टी. आय. चा फिटर असलेला पुतण्या आणि पुण्याहून परतलेली माझी मुलगी असे सगळे एका घरात अडकलो. पुतण्या म्हणाला, “विकून टाकू, जागा तरी मोकळी होईल.” चौऱ्याऐंशी वर्षांचे आण्णा बाजेवरून म्हणाले, “इकायचा तर चालता करून इका. मुडदा इकू नका.”

तिथून काम सुरू झाले. निवृत्तीनंतर आण्णांनी अंगणात भट्टी बांधली होती. हाताने फिरवायचा पंखा, लिलावात घेतलेल्या रुळाच्या तुकड्याची ऐरण, आज्जांचा घण. गावातली कुदळ-पहार तिथे दुरुस्त होई. पण एवढे मोठे काम भट्टीने पाहिले नव्हते.

पहिले आठ दिवस नुसते बोल्ट निघण्यात गेले. गंजून एकजीव झालेला नट पान्याने जोर लावला तर मोडतो. आण्णांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही नट लाल होईपर्यंत तापवायचो, थोडा निवू द्यायचो, मग रॉकेलचा थेंब सोडायचो. तापलेला नट फुगून गंजाची पकड सोडतो आणि रॉकेल आत शिरते. इंजिनाचा पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटला होता. वरचे हेड काढून भावाने त्यात डिझेल आणि रॉकेल भरून ठेवले. अकरा दिवस रोज लाकडाचा ठोकळा ठेवून वर हलके टोले द्यायचे. बाराव्या दिवशी फ्लायव्हील नखभर हलले. वहिनी तेव्हा भाकरी टाकत होत्या, त्या पिठाच्या हातानेच बाहेर आल्या.

रोटरीची पाती झिजून अर्धी झाली होती. नवी मागवायला टाळेबंदीत सोय नव्हती. ट्रकचा जुना कमानपाटा घेतला. त्याचे पोलाद कडक असते. आधी लाल करून राखेत सावकाश निवू दिले की ते मऊ पडते, मग कापता येते. कापलेला तुकडा पुन्हा तापवून पात्याच्या आकारात वाकवायचा, तापलेला असतानाच भोके पाडायची, धार काढायची. पुतण्याने दोन दिवस खपून सात पाती केली आणि आण्णांच्या पुढ्यात ठेवली. आण्णांच्या एका डोळ्याला दिसत नाही, दुसऱ्याला अंधुक. त्यांनी एकेक पाते बोटांनी चाचपले आणि हसायला लागले. “सगळी उजवीच केलीस. डावी कुठंयत?” रोटरीत निम्मी पाती उजवीकडे वळलेली लागतात आणि निम्मी डावीकडे. चार पाती पुन्हा भट्टीत गेली.

पाणी देण्याच्या वेळी मोठी चूक माझ्या हातून झाली. कमानपाट्याचे पोलाद तेलात विझवायचे असते. मी घाईने पहिले पाते पाण्याच्या बादलीत बुडवले. आतून ‘टिंग’ असा बारीक आवाज आला. आण्णांनी बाजेवरूनच सांगितले, “गेलं.” बाहेर काढले तर केसासारखी भेग. तीस वर्षे औद्योगिक क्रांती शिकवणाऱ्या मला त्या आवाजाने पुष्कळ शिकवले.

लोखंडाचा रंग आता आण्णांना दिसत नव्हता. म्हणून ते विचारायचे आणि माझी मुलगी भट्टीपाशी उभी राहून सांगायची. त्यांची भाषा फुलांची होती. “झेंडूवानी झालं का?” “अजून पळसासारखं आहे, आजोबा.” “मग थांब.” झेंडूचा रंग आला की वाकवायचे. तेलातून काढलेले पाते घासून पुन्हा मंद विस्तवावर धरले की त्यावर रंग चढत जातात, आधी गव्हाच्या काडीचा, मग तपकिरी, मग जांभळा, मग मोराच्या मानेचा निळा. निळा दिसला की काढायचे. त्याआधी काढले तर पाते दगडावर मोडेल, फार पुढे गेले तर वाकेल. ही भाषा आज्जांनी घिसाड्यांच्या पालावर ऐकली, आण्णांनी कारखान्यात तिला मोजमाप दिले, आणि माझ्या मुलीने ती वहीत उतरवून घेतली. आमच्या घरात ती प्रथमच कागदावर आली.

घण पहिल्यांदा मुलीने उचलला, तेव्हा भाऊ म्हणाला, “तिला कशाला?” आण्णा म्हणाले, “आमच्या बानं घण बाईकडनं शिकला. घिसाड्याची बाई मारायची, पोटुशी असली तरी मारायची.” जोडाची एक खिळी आणि क्लचचा दांडा तिने घडवला. दांड्यावर घणाचे डाग राहिले आहेत, ते आम्ही घासले नाहीत.

सगळेच भट्टीवर झाले, असे मात्र नाही. मागच्या बाजूचे बिडाचे एक अंग तडकले होते. बीड घणाला दाद देत नाही, ते फुटते. ते कुर्डुवाडीला नेऊन, आधी सगळे तापवून पितळेच्या टाक्याने जोडून आणले आणि रात्रभर राखेत पुरून निववले. पट्टे आणि तेलाचे सील विकतच घ्यावे लागले.

तीन महिन्यांनी, पाऊस सुरू झाल्यावर, भावाने हँडल मारले. नाही लागले. डिझेलच्या नळीतली हवा काढली, पुन्हा मारले. तिसऱ्या दिवशी त्याने झडपेचा खटका उचलून फ्लायव्हीलला वेग दिला आणि खटका सोडला. काळा धूर निघाला, कडुलिंबावरचे पक्षी उडाले, आणि ‘जपानी रेडा’ धडधडू लागला. आण्णांनी हात वर करून आवाज कमी करायला सांगितले. ते कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, “एक पातं ढिलं हाय.” खरेच ढिले होते.

५

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, छान, एका कुटुंबाने पिढीजात कला जपली. याच शब्दापाशी मला थांबायचे आहे. आमच्याकडे पिढीजात होते ते मेलेले ढोर ओढणे, सांगावा पोचवणे आणि ओट्याखाली उभे राहणे. ते आम्ही १९५६ साली टाकले. वतनही कायद्याने १९५९ पासून गेले. लोहारकाम ही आमची परंपरा नव्हे, ती आमची मिळकत आहे. घिसाड्यांकडून भाकरीच्या तुकड्यावर, कारखान्यात परीक्षा देऊन आणि राखीव जागेच्या हक्काने ती मिळवली.

घरात यावर वाद झाला. मला त्या योजनेतल्या वंशपरंपरेच्या आणि गुरु-शिष्य परंपरेच्या भाषेची भीती वाटते. आज कर्जासाठी बापाचा धंदा लिहायचा, उद्या तोच धंदा कपाळावर लिहिला जायचा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांतही हा वाद झाला होता. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगीच्या संस्थेत आपल्या मुलांना लोहारकाम, सुतारकाम, वीटकाम शिकवले. १९०३ साली डू बॉइस यांनी त्यांना जाहीर विरोध केला. हाताचे काम शिकवा, पण त्याच्या बदल्यात मताचा हक्क आणि उच्च शिक्षण सोडू नका, असा त्यांचा आग्रह होता. मी डू बॉइसच्या बाजूचा. पुतण्याचे म्हणणे सरळ होते, “काका, तुमची पेन्शन आहे. मला विजेवर चालणारा घण घ्यायचाय. पंचक्रोशीत असे चाळीस टिलर गंजत पडलेत.”

त्याचे खरे आहे. ज्या मुलाला हात आहे, हुन्नर आहे आणि भांडवल नाही, त्याला माझ्या तत्त्वाने भूक भागवता येणार नाही. आणि तो जर फक्त ‘लोहार नाहीत’ म्हणून नाकारला गेला, तर माझी भीती खोटी नव्हे, खरीच ठरेल. धंदा जातीचा आहे असे मानणारे लोक आम्हाला त्या धंद्यात येऊ देत नाहीत, आणि आलो तर त्याला परंपरा म्हणतात. दोन्हीकडून आमचे शिकणे पुसले जाते. म्हणून पुतण्याने अर्ज मागे घेऊ नये, असे शेवटी मीच सांगितले. अर्जात इतिहास लिहायला रकाना नसतो, तो मी इथे लिहिला आहे.

आण्णांना विचारले, त्या गृहस्थांना काय सांगायचे? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “सांग, पयलं लोखंड इस्तवात घातलं तवापास्नं. ज्यो घालील त्येचं तवापास्नं.”

अर्ज अजून पडताळणीत आहे. टिलर कडुलिंबाखाली आहे. पण आता त्याच्यावर पत्रा आहे आणि टाकीत डिझेल आहे.